वास घेणाऱ्या बाई

आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी, गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये फवारणी करून आले आणि दारातच कोसळले. तोंडातून लाळ, हातपाय थरथरतायत. शेजारच्या बाई धावत आल्या आणि आधी काय केलं, तर मालकांच्या सदऱ्याचा वास घेतला. असली विक्षिप्त बाई अख्ख्या मावळात दुसरी झाली नाही.

वास घ्यायची त्यांची रीतच वेगळी. नाक जवळ न्यायच्या नाहीत. आरती घेतात तसा हात फिरवून वास आपल्याकडे ओढायच्या. दूध, हळद, घासलेट, सगळ्याची आरती. एकदा माझ्या पिठल्याची घेतली आणि म्हणाल्या, तेल जुनं आहे. मी म्हटलं, "बाई, तुमी तरी कुटं नव्या हाय?" दिवसभर हसत होत्या. जन्म सगळा मुंबईच्या प्रयोगशाळेत गेला. झाडपाल्यात जो औषधी अंश असतो तो शोधायचा आणि मग झाडाशिवाय तोच बाटलीत तयार करायचा, हे त्यांचं काम. त्या लागल्या तेव्हा तिथं दुसरी बाई नव्हती. साहेबांनी त्यांना बाटल्या धुवायला बसवलं, तर या बाटलीच्या वासावरून कुणाचा प्रयोग कुठं बिघडला ते सगळ्यांसमोर सांगायला लागल्या. धुणं लगेच सुटलं. पुढे मोठी बक्षिसं मिळाली म्हणे. मी चौथी शिकलेली, मला त्यातलं कळत नाही. लग्न केलं नाही. म्हातारपणी बेडश्याला घर बांधलं, इथल्या हवेला कसलाच वास नाही म्हणून. आमचा गोठा त्यांनी पाहिला नव्हता.

तर त्या दिवशी माझे दीर मालकांच्या नाकाला चप्पल लावून बसलेले. फीट आली की आमच्यात तसंच करतात. बाई म्हणाल्या, "चप्पल ठेव खाली. ही फीट नाही, फवारणीचं औषध अंगात भिनलंय. कपडे काढा त्यांचे."

दीर म्हणाले, "बायांम्होरं?"

"मग सरणावर काढा."

बाईंनी माझ्या हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, मी कपडे उतरवले, आणि दोघींनी मिळून मालकांना साबणानं डोक्यापासून धुतलं. मग औषधाची बाटली घेऊन जीपमध्ये माझ्या आधी त्याच बसल्या. सोमाटण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि त्यावरचं इंजेक्शन लगेच सुरू केलं. मी बाईंच्या पाया पडायला गेले, तर मलाच ओरडल्या, आधी हात धू म्हणून.

गेल्या थंडीत बाई झोपेतच गेल्या. सख्खं कुणी नव्हतं. पुढचा खांदा आमच्या मालकांनी दिला.