उघड्या डोळ्यांची प्रार्थना

पॉलिशवाल्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. जुनी कपाटं, टेबलं, खुर्च्या घासूनपुसून नव्यासारखी करायची हा त्याचा धंदा, आणि त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरात दोघंच. तो आणि शिवणकाम करणारी त्याची मोठी बहीण, ताई. बहिऱ्यांच्या शाळेत तो खुणांची भाषा शिकला आणि रोज संध्याकाळी घरी येऊन ती ताईला शिकवत गेला. तेव्हापासून त्याचं बोलणं जगाला सांगायचं आणि जगाचं त्याला, हे ताईचं कामच होऊन बसलं.

फक्त प्रार्थनाघरात ताईचं काही चालत नसे. दोघं लहानपणापासून तिथे जात. मोठेकाका प्रार्थना सांगायचे. ते नात्याने कुणाचेच काका नव्हते, पण प्रार्थनाघराचे प्रमुख म्हणून सगळ्यांचेच होते. आवाज असा भारदस्त की शेवटच्या बाकावरचा पेंगणाराही दचकून जागा व्हावा. त्यांचा एकच दंडक होता, प्रार्थना सुरू झाली की डोळे मिटायचे आणि हात मांडीवर स्थिर ठेवायचे. झालं! ताईचे हात थांबले की तिचं बोलणं थांबलं, आणि याचे डोळे मिटले की याचं ऐकणं संपलं. सगळे देवाशी बोलत असताना हा अंधारात एकटाच बसून राहायचा. एकदा प्रार्थना संपून माणसं पांगली तरी हा डोळे मिटून बसलेलाच. ‘काय ही भक्ती!’ म्हणून दोन आज्या भारावून गेल्या. ताईने खांदा हलवला तेव्हा कुठे त्याला कळलं. घरी आल्यावर ताई पोट धरून हसली. तोही हसला, पण त्या दिवशी नीट जेवला नाही.

मग प्रार्थनाघराच्या छताचे वासे कुजल्याचं लक्षात आलं. डागडुजी होईपर्यंत दार बंद. मोठेकाकांच्या सुनेने प्रार्थना मोबाईलवर आणली. पहिले काही आठवडे सगळ्यांना मोठेकाकांचं नुसतं कपाळच दिसलं, पण आवाज येत होता, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. पॉलिशवाला मात्र त्या पडद्याकडे टक लावून बघत बसायचा. बाकावर बसून त्याला जन्मभर लोकांच्या पाठी दिसल्या होत्या. इथे सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे होती. एका प्रार्थनेच्या मधेच तो उठून उभा राहिला.

“ताई,” तो हातांनी म्हणाला, “माझ्या शाळेचे सगळे असे समोर आले तर?”

शाळासोबती गावोगाव विखुरले होते. कुणी छापखान्यात, कुणी बेकरीत, कुणी घर सांभाळत होती. त्याने एकेकाला गाठलं. ठरल्या संध्याकाळी दहाबारा चौकटी उजळल्या आणि जो काही गोंधळ उडाला, त्याला तोड नाही! ज्याच्या घरून आवाज येईल त्याला मोठं करून दाखवायचं, अशी त्या यंत्राची खोड. इथे आवाज कुणाचाच नव्हता. त्यामुळे देवाची आळवणी चालू असताना पडद्यावर मधोमध बेकरीवाल्याचा कुत्रा भुंकत होता, आणि तो गप्प झाला की ताईचं शिलाई मशीन.

“देव कुत्र्याचंच ऐकतोय,” बेकरीवाला हातांनी म्हणाला, आणि सगळ्या चौकटी हसून हसून हलल्या.

पण कुणी सोडून गेलं नाही. ताईने मशीन बंद ठेवलं. पॉलिशवाल्याने दिवा पाठीमागून काढून समोर टांगला, भिंतीवर पांढरी चादर लावली, म्हणजे हात स्पष्ट दिसावेत. ‘कृपा’ या शब्दावरून तर चांगलीच हातघाई झाली. जुन्या शाळेची खूण वरून खाली झरणाऱ्या पावसासारखी, छापखानेवाल्याच्या बायकोच्या गावची खूण कुणाला तरी छातीशी धरल्यासारखी. शेवटी तिनेच तोडगा काढला. आधी वरून झरू दे, मग छातीशी धरू. ती दुहेरी खूण सगळ्यांनी एकदम केली, तेव्हा पॉलिशवाल्याच्या अंगावर काटा आला. आपण एकट्याने नाही, सगळ्यांबरोबर काहीतरी म्हटलं, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

याच सुमारास विद्यापीठातली एक संशोधक मुलगी ताईकडे आली. लोक इंटरनेटवर कशी उपासना करतात, याचा ती अभ्यास करत होती. मोबाईल कुठे ठेवतात, चपला काढतात का, घरातले मधे बोलतात का, असलं सगळं तिला बघायचं होतं. सगळ्यांना विचारून ती एका कोपऱ्यातल्या चौकटीत बसू लागली. खुणाही शिकू लागली. प्रार्थनेआधी पॉलिशवाला स्पिरिटने हात खसाखसा घासतो, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

“हा शुद्धीचा भाग आहे का?” तिने विचारलं.

“तोंड न धुता कुणी देवाशी बोलतं का?” तो हातांनी म्हणाला. ताईने ते तिला सांगितलं आणि ती खळखळून हसली.

“आणि डोळे मिटत नाही तुम्ही?”

त्याने थोडा विचार केला. “मिटले तर मी एकटा पडतो. उघडे ठेवले की सगळे असतात. देव एकट्याने भेटेलही, पण मला सगळ्यांबरोबर भेटायचं होतं.”

गोष्ट मोठेकाकांच्या कानावर गेलीच. उघड्या डोळ्यांनी प्रार्थना? त्यांनी ताईला फोन लावला. “पोरी, हा काय पोरखेळ मांडलाय?”

आयुष्यभर दुसऱ्याचंच बोलणं बोलत आलेली ताई त्या दिवशी स्वतःचं बोलली. “काका, तुमचा आवाज साऱ्या गल्लीला ऐकू येतो. माझ्या भावाला तो कधीच ऐकू आला नाही. तो काय म्हणतो ते एकदा बघायला तरी या. नुसतं बघा, मग काय रागवायचं ते रागवा.”

मोठेकाका पडद्यावर एका चौकटीत आले. या वेळी अख्खा चेहरा दिसत होता. छापखानेवाल्याच्या बायकोने आपल्या आजारी मुलीसाठी प्रार्थना मागितली. पॉलिशवाल्याने सुरू केली, आणि एकेका चौकटीतून हात उठत गेले, झरले, छातीशी आले. मोठेकाकांना एक अक्षर कळलं नाही. तरी ते शेवटपर्यंत बसले. एकदाही डोळे मिटले नाहीत. उठताना त्यांनी चष्मा पुसला आणि ते ताईला म्हणाले, “पुढच्या वेळी प्रार्थना हा सांगेल. आपल्या सगळ्यांना.”

काहींनी नाकं मुरडली, पण मोठेकाकांपुढे कोण बोलणार! त्या दिवशी सगळी गल्ली मोबाईलपुढे बसली. पॉलिशवाला हात हलवू लागला, पण ताईने अजून तोंड उघडलं नव्हतं, म्हणून यंत्र त्याला मोठं करेना. तो एका कोपऱ्यात आपला बोटभर. क्षणभर त्याचा धीर खचला. मग त्याने मूठ आवळली आणि टेबलावर दणादण तीन ठोके दिले. सगळ्या घरांतल्या पडद्यांवर एकदम तोच मोठा झाला!

“डोळे उघडे ठेवा,” त्याच्या हातांमागून त्याचं बोलणं सांगणारा ताईचा आवाज आला. “मिटलेत तर माझं बोलणं निसटेल.” आणि सगळ्या गल्लीने डोळे उघडे ठेवून त्याची प्रार्थना ऐकली.

छत नवं झालं, प्रार्थनाघर उघडलं. मोठेकाकांनी गावोगावच्या त्या मंडळींना आग्रहाने बोलावून घेतलं. दोन दोन गाड्या बदलून सगळे आले. छापखानेवाल्याची बरी झालेली मुलगी आईचं बोट धरून आली. बाकं गोल मांडली होती, कुणाची पाठ कुणाकडे नाही. आता दर महिन्याची एक प्रार्थना पॉलिशवाला सांगणार, असं मोठेकाकांनी जाहीर केलं. ऐकू येणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बेकरीवाल्याने दाखवलं, आमच्यात असं नाही करत. त्याने दोन्ही हात वर करून बोटं पसरली आणि मनगटं फिरवली. बघता बघता सगळ्यांनी तसंच केलं, सर्वांत उंच मोठेकाकांनी. पॉलिशवाला मधोमध उभा होता. कुठे बघू आणि कुठे नको, असं त्याला झालं होतं.