डॉक्टरांनी सोडलेला फटका

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस गोल्फ खेळतो म्हटल्यावर लोकांना हसू यायचं. या नादाला त्याला लावलं मेहुण्याने. मेहुणा नळकामं करायचा. पाण्याच्या टाक्यांमागे सगळ्यांसाठी खुलं असलेलं जे गोल्फचं मैदान होतं, तिथल्या फवाऱ्यांची देखभाल त्याच्याकडे होती. एका सुट्टीच्या दिवशी त्याने भाऊजींना ओढत तिथे नेलं. मेहुणा आजही चेंडूपेक्षा माती जास्त उडवतो, भाऊजी मात्र शिकला. लांब मारणं त्याला कधी जमलं नाही, पण मारायचा तो नाकासमोर सरळ. मैदानावर त्याचं नाव पडलं मिस्त्री.

मिस्त्रीची बायको बसस्थानकावर सूचना द्यायची. कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागली, कोणती उशिरा येतेय, कोणाचं मूल चौकशी खिडकीपाशी रडतंय, हे सगळं तिच्या तोंडून स्थानकभर जायचं. दोघांची ओळखही तिथेच झाली. स्थानकाची लिफ्ट अडकली आणि आत ही. वरून मिस्त्री ओरडला, "घाबरू नका!" आतून उत्तर आलं, "घाबरतंय कोण? माझी गाडी पुकारायची राहिलीय, हात चालवा!" लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी घरात हुकूम सुटायचे ते त्याच आवाजात.

तोच आवाज बसला. आधी वाटलं, सर्दी असेल. मग गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या, वाफारे झाले, मेहुण्याने सुचवलेले नाना उपाय झाले. स्थानकावर तिच्या जागी दुसरीला बसवलं. शेवटी ती घशाच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर त्याच मैदानावर खेळायचे, त्यामुळे ओळखीचे होते. त्यांनी घशातला छोटा तुकडा तपासायला घेतला आणि बोलणं बंद ठेवायला सांगितलं. पुढे काय झालं असं मिस्त्रीने विचारलं, तर तिने हाताने उडवून लावलं. सूज आहे, उतरेल.

त्या रविवारी मैदानाच्या स्पर्धेतला उपांत्य सामना होता, आणि मिस्त्रीसमोर नेमके हेच डॉक्टर आले.

या स्पर्धेत एकूण फटके मोजत नाहीत. दोघांनी खेळायचं, एकेका खळग्यापर्यंतचा टप्पा म्हणजे एक होल, ज्याचा चेंडू कमी फटक्यांत खळग्यात जाईल त्याने तो होल जिंकला, आणि अठरा होलमध्ये जास्त होल जिंकेल तो पुढे गेला. त्यात एक सवलत असते. चेंडू खळग्याच्या अगदी तोंडाशी असला, की समोरचा "उचला" म्हणतो आणि तो शेवटचा हलका फटका, म्हणजे पट, न मारताच गेला असं धरलं जातं. सगळे देतात. डॉक्टर देत नसत. "स्वतःच्या सासऱ्यालाही त्यांनी वीतभराचा पट मारायला लावला होता," असं मेहुणा सांगायचा, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

पहिले नऊ होल दोघांनी दात-ओठ खाऊन खेळले. डॉक्टर लांब मारायचे आणि झाडीत जायचे, मिस्त्री आखूड मारून गवतावरच राहायचा. एक होल याचा, एक त्यांचा. बॅग मेहुण्याच्या खांद्यावर होती आणि तोंड चालूच होतं. "भाऊजी, त्यांचा घाम बघा. आता सोडायचं नाही." नवव्या होलला मिस्त्रीचा चेंडू खळग्यापासून जेमतेम बोटभर राहिला. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर आकाशाकडे बघत राहिले. मिस्त्रीने हसत चेंडू आत ढकलला. बरोबरी.

दहाव्या होलकडे चालताना मिस्त्री सहज म्हणाला, "डॉक्टर, हिचा घसा काही सुटत नाही हो. गोळ्या बदलायच्या का?"

डॉक्टर थांबले. वाकले आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले. मग खाली बघतच म्हणाले, "इथे नको. दवाखान्यात बोलू. दोघं या."

"दोघं?"

"हो. दोघं या."

एवढंच. पण लिफ्टच्या दोराचा वर कुठेतरी एक धागा सुटला, की केबिनमध्ये उभ्या माणसाला काहीच कळत नाही आणि मिस्त्रीला मात्र तळव्यांतून कळतं, तसं त्याला तळव्यांतून कळलं. गोळ्या बदलायच्या असत्या तर दोघांना कशाला बोलावलं असतं?

पुढचे दोन होल त्याने हातचे घालवले. सरळ जाणारा चेंडू तळ्यात गेला, वाळूत गेला. "काय करताय काय?" मेहुणा कुजबुजला. "डोकं कुठंय तुमचं?" डोकं घरात होतं. सकाळी निघताना बायकोने पाण्याची बाटली हातात दिली होती आणि त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली होती. ती कधी कॉलर नीट करत नसे. आता त्या कॉलरवरून त्याचा हात हलेना.

मग डॉक्टरांचंही बिघडलं. चौदाव्याला त्यांचा फटका कुंपणापलीकडे गेला. पंधराव्याला त्यांनी साधा पट हुकवला. एरवी हुकल्यावर स्वतःलाच शिव्या घालणारा माणूस मान खाली घालून पुढे चालू लागला. मुद्दाम हरतोय की काय? मिस्त्रीच्या डोक्यात ठिणगी पडली. रागाच्या भरात त्याने सोळावा होल असा खेळला, की मेहुण्याने बॅग खाली टाकून टाळ्या वाजवल्या. सतराव्याला डॉक्टरांनी झाडाआडून इतका सुरेख फटका काढला, की तो मुद्दाम हरणाऱ्याचा असूच शकत नव्हता. तो होल डॉक्टरांचा. पुन्हा बरोबरी, आणि उरला एकच होल.

अठराव्या होलभोवती बरीच मंडळी जमली होती. डॉक्टरांचा पट खळग्याच्या कडेवरून फिरून बाहेर आला. आता मिस्त्रीचा चेंडू राहिला होता. अंतर आडवा झोपलेल्या माणसाएवढं, त्यात थोडा उतार. गेला तर सामना त्याचा. तो उभा राहिला, काठी धरली, आणि त्याला दिसलं की काठीचं टोक थरथरतंय.

"उचला," डॉक्टर म्हणाले.

कोणाला कळेचना. एवढ्या अंतराचा पट कोणी देत नाही, आणि डॉक्टर तर नाहीच नाही.

"काय म्हणालात?"

"दिला मी. सामना तुमचा." डॉक्टरांनी टोपी काढून हात पुढे केला.

"मी मारणार आहे."

"दिलेला पट नाकारता येत नाही, मिस्त्री. नियम आहे."

मिस्त्रीने तरी मारला. चेंडू खळग्याला शिवलाही नाही, बाजूने उताराला लागून लांब गेला. कोणीतरी तोंडातल्या तोंडात "अरेरे" म्हणालं. मेहुणा धावत येऊन मिठी मारू लागला, "जिंकलात हो, जिंकलात!" मिस्त्रीने त्याला बाजूला सारलं आणि डॉक्टरांचा हात धरला तो सोडलाच नाही. "सांगा."

"तिला विचारा," डॉक्टर हळूच म्हणाले. "मी तिला शब्द दिलाय."

घरी बायको स्वयंपाकघरात धुतलेले डबे पुसत होती. त्याचा चेहरा बघूनच तिने फडकं खाली ठेवलं.

"कधी सांगितलं त्यांनी?"

"शुक्रवारी." आवाज कसला, नुसता श्वास होता. "घशात गाठ आहे. चांगली नाही. मीच म्हटलं, रविवार जाऊ दे."

"आणि मी तिथे चेंडू मारत होतो! सकाळपासून!"

"मग काय केलं असतंस? उशाशी बसून माझ्या तोंडात बॅटरी मारली असतीस?"

त्याला हसू आलं नाही. तो खुर्चीवर बसला आणि इतका मोठ्याने रडला, की शेजारीण दार वाजवून विचारून गेली. बायकोने तिला खुणेनेच सांगितलं, काही नाही, हा जिंकलाय.

अंतिम सामना त्याने सोडून दिला. बायकोला ते पटलं नाही. दोन दिवस ती ताटं आपटत होती. पण तोवर शस्त्रक्रियेची तारीख आली होती, आणि हिला टेबलावर घ्यायच्या दिवसांत खळग्यात चेंडू घालत फिरायचं, हे त्याच्याच्याने होणार नव्हतं.

इस्पितळाच्या जिन्यात, आत काम संपल्यावर, डॉक्टर त्याच्याशेजारी येऊन टेकले. गाठ निघाली होती. पुढे किरणांनी शेकायचे उपचार होते. आवाज किती राहील, हे सांगता येत नव्हतं. हे सगळं ऐकून घेतल्यावर मिस्त्रीने विचारलं, "तुम्ही माझ्यावर दया केलीत ना, त्या दिवशी?"

"तुमचे हात कापत होते. मला बघवलं नाही."

"मला ती नको होती."

"ठाऊक आहे. चुकलंच माझं," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "पण त्या दिवशी मी तरी कुठे नीट खेळत होतो?"

वरून नर्सने हाक मारली, तेव्हा मिस्त्री आधी उठला.

उपचारांचे महिने वाईट गेले. तिला गिळवत नव्हतं, झोप नव्हती. मिस्त्रीची थोरली बहीण राहायला आली, तिने घर सांभाळलं. बायकोकडे पाटी-पेन्सिल होती, त्यावर ती नणंदेची अशी चित्रं काढायची, की नणंद स्वतःच पोट धरून हसायची. तिच्या मानेवरचा व्रण मात्र मिस्त्रीला सरळ बघवत नसे. आवाज येईल का, हे घरात कोणी विचारत नव्हतं.

एकदा तो एका कार्यालयात लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता, तेलाने माखलेला. खिशातला फोन वाजला. घरचा नंबर. बहीण असेल म्हणून त्याने उचलला. पलीकडून दगडावर पत्रा घासावा तसं काहीतरी आलं.

"कोण? ताई? मोठ्याने बोल."

पुन्हा तेच.

"ऐकू येत नाहीये. कोण बोलतंय?"

"बहिरा झालास का?" आता शब्द लागले, खरखरीत, तुटके. "दूध संपलंय. येताना आण."

मिस्त्री खड्ड्यातच भिंतीला टेकून खाली बसला. वरून सोबतचा कारागीर विचारत होता, दोर सोडू का, आणि याला हो म्हणावं की नाही, हे सुचत नव्हतं.