गवताचं मशीन आणि आयुधपूजा

अप्पांनी आपला निर्णय सकाळची कॉफी पिता पिता सांगून टाकला. येत्या आयुधपूजेला आपल्या घरात पूजेला हत्यारं नसतील, त्याआधीच सगळी जुन्या लोखंडवाल्याला देऊन टाकणार. अम्मानं त्यांच्या पेल्यात आणखी थोडी कॉफी ओतली. मला राग चटकन येतो आणि आला की मी बोलून मोकळी होते, पण त्या सकाळी मी उठून आपला पेला धुवायला गेले.

हत्यारं म्हणजे आमच्या तंजावूरच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमधला संसार. अप्पा पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये जन्मभर मुलांना इंजिनं शिकवत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी शेडमध्ये टेबल टाकलं, त्यावर वस्तू घट्ट पकडायचा लोखंडी शेगडा बसवला, भिंतीवर पाने ओळीनं टांगले, आणि गल्लीतल्या मिक्सरपासून पाण्याच्या पंपापर्यंत जे येईल ते दुरुस्त करत बसले. महाराष्ट्रात ज्या दिवशी खंडेनवमी असते त्या दिवशी आमच्याकडे आयुधपूजा. शेड धुवायची, दारात रांगोळीचं कोलम काढायचं, हत्यारं ओळीनं मांडायची, आणि अम्मा ताट घेऊन येऊन एकेकाला पोट्टू लावणार. आमच्या घरच्या मराठीत टिळ्याला पोट्टूच म्हणतात. चंदनाचं गंध, त्यावर कुंकू. त्या दिवशी एकाही हत्याराला कामाला लावायचं नाही, आणि लावलेलं गंध कधी पुसायचं नाही. ते आपणहून झडेल तेव्हा झडेल.

अप्पांचं म्हणणं असं, की जे हत्यार वर्षभर हातात घेतलं नाही त्याला गंध लावणं म्हणजे देवाची थट्टा करणं आहे. आणि हातात ते घेत नव्हते हे खरंच होतं. त्याला कारण गवत कापायचं मशीन.

हे मशीन त्यांनी ओरत्तनाडूच्या एका सरकारी आवारातल्या लिलावात घेतलं होतं. हिरवा रंग, पुढे लांब रुळासारखी फिरणारी पाती, मागे लोखंडी रोलर, वर पेट्रोलचं लहान इंजिन आणि त्याच्या डोक्यावर टाकी. घराशेजारी आमचा एक मोकळा प्लॉट आहे. तिथं अप्पांनी हरळी वाढवली आणि त्या मशीननं ती इतकी सपाट ठेवली की गल्लीतली मुलं चपला काढून तिच्यावर खेळत. संध्याकाळी अम्माची खुर्ची तिथं जायची. तंजावूरात भात लावायला जागा कमी पडते आणि हे गवत लावतात म्हणून शेजारी हसायचे. अप्पांना त्याचा अभिमानच होता.

मग एका वर्षी मशीन बंद पडायला लागलं. चालू व्हायचं, जरा वेळ झकास चालायचं आणि गुदमरून थांबायचं. अप्पांनी कार्बुरेटर किती वेळा उघडला त्याला गणती नाही. त्याच सुमारास त्यांच्या हातांना थोडा कंप आला होता. एकदा कार्बुरेटरचा इवलासा स्क्रू त्यांच्या बोटांतून निसटून गवतात गेला, तो शोधून सापडला नाही. ते आत आले, साबणानं हात कोपरापर्यंत धुतले आणि म्हणाले, "माझे हात गेले." त्यानंतर ते शेडमध्ये गेले नाहीत. गवत कमरेएवढं वाढलं, त्यात साप निघाला, अम्माची खुर्ची घरात आली. अप्पा दिवसभर मागच्या ओसरीवर पेपर धरून बसायला लागले. तोच पेपर दुपारीही तसाच असायचा. माझे अप्पा माझ्या डोळ्यांदेखत विझत चालले होते, आणि आता ते शेडही विकायला निघाले होते.

संध्याकाळी मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"मशीन चालू झालं तर हत्यारं राहतील?"

"मजकडून झालं नाही ते."

"माझ्याकडून झालं तर?"

त्यांनी पेपर खाली केला नाही. "सरि, बरं," म्हणाले, "आयुधपूजेच्या आत चालू करून दाखव. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गवत काप. मग ठेवतो."

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. इंजिनाचे चार स्ट्रोक फळ्यावर काढून दाखवताना माझा हात कधी अडला नाही, पण प्रत्यक्ष इंजिन मी एकटीनं कधीच उघडलं नव्हतं. लहानपणी अप्पांच्या शेजारी स्टुलावर बसून बघितलं होतं तेवढंच. तरी ठरवलं, की हे आपणच करायचं. मेकॅनिक बोलवायचा नाही. दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर अप्पांच्या जखमेवर मीठ चोळल्यासारखं झालं असतं.

रविवारी ताडपत्री ओढली तर मशीनच्या पोटात उंदराचं घर. रोलर जागचा हलेना. त्याच्या बेअरिंगमध्ये मी रॉकेल आणि खोबरेल तेल सोडत राहिले. रोज कॉलेजातून आले की साडी बदलायची, जुना चुडीदार घालायचा आणि शेड गाठायची. कधी वीज जायची, मग दार सताड उघडून उजेड जाईपर्यंत काम. रोलर एका संध्याकाळी कुरकुरत अर्धा फिरला, तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले.

कार्बुरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा काकवीसारखा चिकट थर बसला होता. तो पेट्रोलनं धुतला, जेटचं बारीक भोक केरसुणीच्या काडीनं मोकळं केलं. हरवलेल्या स्क्रूसारखा स्क्रू जुन्या स्कूटरच्या सामानात मिळाला. पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. त्या तंजावूरच्या दुकानांत मिळेनात, म्हणून पापनाशमला शेतीपंपांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात बसनं गेले. दुकानदारानं रिंग हातात घेतली, माझ्याकडे बघितलं आणि तमिळमध्ये म्हणाला, घरातल्या पुरुषमाणसाला पाठवा, त्यांना कळेल. मी त्याला म्हटलं, पुरुषमाणसानंच माझी परीक्षा घेतली आहे, तुम्ही माप काढा. माप काढेपर्यंत मी काउंटरवरून हलले नाही. घासून बसवाव्या लागतील अशा रिंगा त्यानं अखेर शोधून दिल्या, आणि वर चहाही मागवला.

काढलेला प्रत्येक भाग मी रॉकेलच्या तसराळ्यात बुडवत होते, ब्रशनं घासत होते, कापडावर मांडत होते. फक्त टाकीचं झाकण तेवढं बुडवलं नाही. त्याच्यावर अम्माच्या हातचा पोट्टू होता, एकावर एक बसलेला, वाळून दगड झालेला. मी झाकण दोन्ही हातांनी उचललं आणि फळीवर देवाच्या फोटोशेजारी ठेवलं. हे करताना मी क्षणभरही थांबले नाही, हे मला पुढे फार आठवलं.

शेवटी पाती उरली. वाळू घालून केलेली धारेची पेस्ट लावून ती उलटी फिरवायची असते, हे अप्पांना करताना पाहिलं होतं. ओसरीवरून पेपरची सळसळ ऐकू यायची. मी चुकीच्या बाजूला फिरवली की सळसळ थांबायची.

मशीन जोडलं, पेट्रोल भरलं, दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. खांदा दुखायला लागला तेव्हा इंजिनानं खोकला काढला, धूर सोडला आणि ते चालू झालं. पत्र्याची सगळी शेड हलायला लागली. मी ओसरीकडे पाहिलं. अप्पांचा पेपर मांडीवर आला होता. स्वयंपाकघराच्या दारात अम्मा हातात पळी घेऊन उभी होती.

ते चाललं, चांगलं चाललं, आणि मग गुदमरून थांबलं.

"असंच करत होतं ते," अप्पा म्हणाले. पेपर परत वर गेला.

मला इतका संताप आला की मी पाना भिंतीवर फेकला. पत्र्याला पडलेला पोचा अजून आहे. पुढचे दिवस मी त्या इंजिनाशी भांडण्यात घालवले. टाकीत पेट्रोल आहे का म्हणून झाकण उघडून बघायचे, पेट्रोल असायचं. झाकण लावून दोरी ओढली की चालू. जरा वेळानं बंद. आयुधपूजा आठवड्यावर आली. लोखंडवाला एकदा येऊन शेगड्याचं वजन हातानं तोलून गेला. तो गेल्यावर मी शेडच्या पायरीवर बसून रडले, आणि तोंड धुऊन परत मशीनला भिडले.

त्या दिवशी पेट्रोल ओतलं आणि तेवढ्यात अम्मानं हाक मारली, कॉफी निवते आहे म्हणून. आले म्हणत मी रागारागातच दोरी ओढली. इंजिन चालू झालं. आता थांबेल, मग थांबेल म्हणून मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. ते थांबेना. कॉफी निवली असेल, तरी ते चालूच. मी फळीकडे पाहिलं. देवाच्या फोटोशेजारी टाकीचं झाकण तसंच पडलेलं होतं, लावायचं राहून गेलेलं.

झाकण हातात घेऊन उन्हात धरलं. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला मधोमध एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी त्यातून हवा आत यायला हवी, नाहीतर टाकीला श्वास मिळत नाही आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. दरवर्षी मी वर्गात पाण्याची नळी वरून बोटानं बंद करून हेच दाखवते. आणि त्या भोकावर, बरोबर मधोमध, कपाळावर लावावा तसा अम्माचा पोट्टू. झाकण उघडून बघितलं की हवा आत जाणार, लावलं की परत कोंडणार. गंध पुसायचं नसतं, म्हणून अप्पांनी सगळं इंजिन खोललं आणि झाकणाला हात लावला नाही. मीही नाही.

मी ओसरीवर गेले आणि झाकण त्यांच्या मांडीवरच्या पेपरवर ठेवलं. मागे इंजिन चालूच होतं. अप्पांनी झाकणाकडे पाहिलं, आवाज ऐकला, परत झाकणाकडे पाहिलं. आपल्या हातांचा दोष नव्हता हे त्यांना त्या घटकेला कळलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि हळूच म्हणाले, "तिला सांगू नोको."

"काय सांगू नोको?" अम्मा कॉफी घेऊन मागे उभी होती.

लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं. अम्मानं पेला खाली ठेवला. "ते बंद पडल्यापासून मी दरसाल त्याला जास्तच लावीत होते," ती म्हणाली. "बरं होऊ दे म्हणून. ह्यांच्यासाठी." आणि ती आत निघून गेली.

अप्पा उठले. शिवणाच्या डब्यातली जाड सुई घेऊन शेडमध्ये आले, किती वर्षांनी. झाकण शेगड्यात हलकेच धरलं. सुईचं टोक थरथरत होतं, भोकाच्या इकडे जायचं, तिकडे जायचं. माझे हात शिवशिवत होते. मी ते पाठीमागे धरून ठेवले, आणि माझ्यासारखीला ते रिंगा बसवण्यापेक्षा अवघड गेलं. बराच वेळ लागला, पण सुई गेली. त्यांनी बाकीच्या गंधाला धक्का लावला नाही. मधोमध तेवढी वाट केली, फुंकर मारली, झाकण टाकीवर फिरवून बसवलं. कमरेएवढं गवत आधी विळ्यानं कापून घ्यावं लागलं, आणि मग दोन दिवसांनी मशीन अप्पांनी स्वतः ढकललं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. गवत मी कापायचं असं ठरलं होतं, पण मी वाद घातला नाही.

अम्मा मात्र रुसली. मशीनकडे बघेना. आयुधपूजेला आम्ही शेड धुतली, हत्यारं मांडली. ती ताट घेऊन आली आणि एकेका हत्याराशी थांबून तुटकपणे विचारायला लागली, "इथं लावू? इथं चालेल?" अप्पा मान डोलवत होते. ती मशीनपाशी आली आणि गंधात बुडवलेलं बोट तसंच धरून उभी राहिली.

"हँडलला लाव," अप्पा म्हणाले.

"नोको. परत कुठं काय अडेल मज काय ठाऊक."

मग तिनं अप्पांचा उजवा हात ओढून घेतला, आणि मनगटाखाली, हाताच्या पाठीवर, गंधाचा पोट्टू लावला. त्यावर कुंकू लावलं. डावा हात मागितला, त्यालाही लावलं. "हे बंद पडू नयेत," म्हणाली आणि ताट घेऊन पुढे पान्यांकडे गेली. अप्पा दोन्ही हात पुढे धरून तसेच उभे होते. हात थोडे थरथरत होतेच.

दुपारी पानं मांडली. अप्पा हात धुवायला उठले नाहीत. जन्मात कधी चमचा न धरलेल्या माणसानं त्या दिवशी रसमभात चमच्यानं खाल्ला, निम्मा पानाबाहेर सांडला, आणि अम्मानं परत वाढला.