डाव्या खिडकीची जागा

तपासणीची भीती एकट्याने सांगितली की रडगाणं होतं, चौघांनी मिळून सांगितली की किस्सा होतो. आमच्याकडे असे बरेच साठलेत.

कॅन्सरचे उपचार संपलेले आम्ही तिघं. मी भिवंडीच्या शाळेतली बाई, कशेळीचे पाटीलदादा आणि शेलार गावच्या रिटायर्ड नर्स कांबळेबाई. चौथे ड्रायव्हर अन्वरभाई. दर सहा महिन्यांनी त्यांच्या सुमोतून मुंबईला जायचं, ते आजार परत आला नाही एवढं ऐकायला.

पहिल्या खेपेला तिघांचे रिपोर्ट चांगले आले. तेव्हापासून दादांचा नियम झाला, ज्याने त्याने त्याच जागी बसायचं. दादा पुढे, मी मधे उजवीकडे, कांबळेबाई डाव्या खिडकीशी. एकदा दादांचे जावई सोबत आले आणि ऐटीत पुढे बसले. दादांनी त्यांना उतरवून मागच्या आडव्या सीटवर पाठवलं! दिवाळसणाला चांदीच्या ताटात जेवलेला जावई हॉस्पिटलपर्यंत गुडघे पोटाशी घेऊन बसला.

कांबळेबाईंना हे पटायचं नाही. "आजाराला काय सीट नंबर दिसतो, दादा?"

दादांचा आजार घशाचा. एकदा कबड्डीच्या सामन्यात दिवसभर ओरडले आणि दुसऱ्या दिवशी आवाज बसला. झालं! सगळे नातेवाईक बोलावले आणि नातवाच्या पाटीवर लिहून एकेकाचा निरोप घेतला.

मी तरी कुठे शहाणी? एका रविवारी मानेखाली गाठ लागली. बांगड्या कोणत्या सुनेला द्यायच्या तेही ठरवून टाकलं. कांबळेबाई रिक्षा करून आल्या, गाठ चाचपली, मग दुसरी बाजू चाचपली.

"मॅडम, इकडे पण आहे. हाड आहे ते, जन्मापासूनचं."

मी गुपचूप पोहे केले.

पाच वर्षं झाली. कांबळेबाईंना आणि दादांना डॉक्टर म्हणाले, आता वर्षातून एकदाच या. मला म्हणाले, एक डाग दिसतोय, तीन महिन्यांनी परत बघू. ते तीन महिने मी कसे काढले ते सांगत नाही. यावेळी एकटीनेच जायचं होतं.

सकाळी सुमो दारात आली, तर कांबळेबाई डाव्या खिडकीशी बसलेल्या.

"तुम्हाला कुठे बोलावलंय?"

"मला काही झालेलं नाही," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "पण जागा रिकामी ठेवून कसं चालेल?"

कशेळीला दादा फाइल घेऊन उभेच होते. दार उघडून आपल्या जागी, पुढे बसले.

संध्याकाळी मी बाहेर आले. डाग म्हणजे जुन्या उपचारांचा व्रण निघाला होता. दादा, कांबळेबाई, अन्वरभाई तिघंही हसले, मला मात्र रडू आलं.

अन्वरभाईंनी गाडी सुरू करत विचारलं, "अगली तारीख?"

मी सांगितली. कांबळेबाईंनी पर्समधून डायरी काढली.

"दादा, तुम्ही पण लिहून घ्या. तुम्ही पुढे, मी खिडकीशी."