हानने मोजलेली तिथी

परवा माझ्याच वडिलांच्या तिथीची आठवण मला ऑफिसमधल्या एका व्हिएतनामी बाईने करून दिली.

शारजातल्या अल नहदाहून दुबईत अल बर्शाच्या ऑफिसला पोहोचेपर्यंत रोज दोन तास जातात. सकाळी नऊलाच माणूस संध्याकाळसारखा दिसायला लागतो... खुर्चीत टेकतोय तोच शेजारच्या डेस्कवरची हान आली आणि म्हणाली, "आज बाबांना काय वाढलंस?"

मी म्हटलं, "अगं, ते पुढच्या आठवड्यात. फोनमध्ये रिमाइंडर आहे." तिने मान हलवली. "ती इंग्रजी तारीख. चंद्राने मोजलं तर आज."

हानकडे अमावस्या-पौर्णिमेला शाकाहार असतो, अधिक महिना असतो आणि गेलेल्या माणसाचा दिवस तिथीनेच पाळतात. गेल्या वर्षी जेवताना मी तिला बाबांची मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी सांगितली होती. तिने ती आपल्या कॅलेंडरात बसवून ठेवली. मी मात्र गेल्या वर्षीची तारीख फोनमध्ये टाकून मोकळा झालो होतो...

लगेच सांगलीला आईला फोन लावला. तिचं बाबांसाठी पान वाढून झालं होतं. "तू दमलेला असतोस रे, म्हणून मीच फोन केला नाही. उगाच तुझ्या जिवाला लागलं असतं."

"लक्षात होतं गं" असं म्हणायचा मोह झाला. पण हानने आठवण करून दिली, हे खरं तेच सांगितलं. फार लाज वाटली.

आई म्हणाली, "त्या पोरीच्या घरचं कोण गेलंय रे? विचारलंस कधी?"

दोन वर्षं शेजारी बसतोय. नव्हतं विचारलं.

मग विचारलं. तिची आई गेलीय. आईचा दिवस गेल्याच महिन्यात होऊन गेला. रजा मिळाली नाही, म्हणून हानने खोलीतच फोटोपुढे उदबत्ती लावून नैवेद्य ठेवला आणि त्यातला मुगाचा चिकट भात ऑफिसमध्ये आणून वाटला. त्यांच्यात तो चारचौघांनी मिळून खायचा असतो.

तो भात मी खाल्ला होता... दोनदा मागून घेतला होता. आणि हात पुसता पुसता तिला "हॅपी बर्थडे" म्हणालो होतो. ती नुसती हसली होती.

इथे आम्ही सगळेच दमलेले असतो, ते काही खोटं नाही. पण दमलेली तर तीही असते.