कॅलिपर तोच, गाडी वेगळी

"दादा, या गाडीची घाटातली टेस्ट झालेलीच नाही. सही कशी करू?"

सुजाता हे मला कॉफी मशीनपाशी विचारत होती, मराठीत. हेच ती मीटिंगमध्ये जर्मनमध्ये बोलली असती, तर विषय तिथेच संपला असता.

इंगोलश्टाटजवळच्या एका सप्लायर कंपनीत मी तेव्हा ब्रेक्सचा प्रोजेक्ट लीड होतो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमच्या कस्टमरच्या दोन स्पोर्ट्स कार होत्या. एक कूपे, म्हणजे बंद छताची, आणि तिचीच उघड्या छताची बहीण, रोडस्टर. लोकांना वाटतं, एवढ्या महागड्या गाडीत सगळं खास तिच्यासाठी बनवलेलं असतं. तसं नसतं. पुढच्या चाकांचे सस्पेन्शन आर्म, ब्रेकची डिस्क, त्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारा कॅलिपर, सगळं दोघींना एकच. जर्मनमध्ये याला 'ग्लाइशटाइल' म्हणतात, म्हणजे सामाईक पार्ट. खर्च वाचतो. शिवाय एकदा पास झालेला पार्ट पुन्हा तपासायचा व्याप वाचतो. हा दुसरा फायदाच भोवला. मला नाही, सुजाताला.

रोडस्टर जड होती. छत काढलं की बॉडी मजबूत ठेवायला खालून स्टील वाढवावं लागतं. तिचा पुढचा बंपरही वेगळा होता; ब्रेकवर वारा सोडणारी त्यातली फट अरुंद होती. म्हणून सुजाताला आल्प्समध्ये उताराची टेस्ट हवी होती. टेस्टची गाडी मिळायला अजून काही आठवडे होते. आमचे बॉस, हेर ब्रांडल, यांना रिलीज, म्हणजे पार्टची अंतिम मंजुरी, त्याच शुक्रवारी हवा होता.

"आल्झो, म्हणजे पार्ट तोच आहे ना?" त्यांनी मला विचारलं.

"गेनाऊ," मी म्हणालो. अगदी तोच.

"मग अडलंय कुठे?"

अडलं होतं सुजाताच्या सहीपाशी. टेस्टिंगची सही तिची असायची.

सुजाता नागपूरची. ती म्युनिकजवळच्या गार्चिंगला पीएचडी करत असताना म्युनिकला चौदा एप्रिलच्या जयंतीत आमची ओळख झाली. या नोकरीसाठी तिचं नाव मीच सुचवलं. रविवारी जेवायला यायची, माझ्या बायकोला वहिनी म्हणायची. कॉफी मशीनपाशी मी हे सगळं वापरलं.

"अगं, कूपेवर पास झालाय ना कॅलिपर? दादावर विश्वास नाही का?"

"विश्वासाचा काय संबंध? ब्रेक फ्लुइड तापलं तर?"

"तापलं तर मी आहे ना."

"तुम्ही काय, घाटात फुंकर मारत बसणार?" ती हसली. मी हसलो नाही. मग तिचंही हसू गेलं. "बरं दादा. तुम्ही म्हणताय म्हणून."

कुठल्याही जर्मन सहकाऱ्याकडे अशी सही मागायची माझी हिंमत झाली नसती.

उन्हाळ्यात कस्टमरचा ड्रायव्हर रोडस्टर घेऊन ऑस्ट्रियातला एक घाट उतरत होता. फ्लुइड उकळलं. फ्लुइड उकळलं की पाइपमध्ये वाफ होते. पायाचा जोर त्या वाफेला दाबण्यातच संपतो, चाकापर्यंत पोचत नाही. पेडल तळाला गेलं. त्याने गाडी डोंगराच्या कडेला घासत थांबवली. मनगट मोडलं, जीव वाचला.

"टेस्ट न करता रिलीज कोणी दिला?" ब्रांडलनी मीटिंगमध्ये विचारलं.

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. मी प्रोजेक्टरकडे पाहत राहिलो.

"सही माझी आहे," ती म्हणाली.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

ती थांबली. मला बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता.

"कोणाच्या नाही."

तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. इथे राहायचा परवाना नोकरीवर होता, तोही गेला. निघताना एअरपोर्टवरून तिने फोन केला, तो वहिनीला.

बायकोने विचारलं, "अहो, तुमच्याच प्रोजेक्टवर होती ना ती?"

"टेस्टिंगचं डिपार्टमेंट वेगळं असतं," मी म्हणालो.

उपाय साधा निघाला: वारा ब्रेककडे वळवणारा एक प्लास्टिकचा तुकडा. कॅलिपर बदलावा लागला नाही. पार्ट सामाईक असला तरी टेस्ट त्या त्या गाडीवर करायची, हे नव्या इंजिनिअर्सना मी अजून याच केसवरून शिकवतो. स्लाइडवर कारण लिहिलं आहे: 'टेस्टिंग विभागाने चाचणीशिवाय मंजुरी दिली.'

स्लाइड मी बनवलेली आहे.