काळ्या पोटाचा सुरय

अमळनेरची सुलक्षणा पाटील लग्नांचे फोटो काढायची. डोक्यावर पडणाऱ्या अक्षता हवेतल्या हवेत टिपण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तापीकाठी एका नव्या जोडप्याचे फोटो काढताना एक पांढरा पक्षी सुर्रकन आडवा गेला, पाण्यात सूर मारून मासा घेऊन वर आला, आणि ती जोडप्याला विसरूनच गेली. या पक्ष्याला सुरय म्हणतात, हे तिला नंतर कळलं. त्याचा एक धड फोटो मिळायला दोन महिने लागले. कधी नुसतं पाणी यायचं, कधी अर्धा पंख. मग तिच्या ध्यानात आलं, की चोच खाली वळली की पुढच्या क्षणी पक्षी कोसळतो. बटण तेव्हाच दाबायचं.

यंदा एप्रिलात तापीतल्या वाळूच्या बेटावर तिला एक वेगळाच, काळ्या पोटाचा सुरय दिसला. घाईघाईत काढलेला फोटो तिनं धुळ्याच्या गिरधर सरांना पाठवला. सर निवृत्त शिक्षक; खानदेशातल्या पक्ष्यांच्या नोंदी तेच ठेवत. त्यांनी कळवलं, की हा पांढऱ्या गालांचा सुरय असणार, उन्हाळ्यात त्याचंही पोट काळपट होतं. खरा काळ्या पोटाचा सुरय आपल्याकडे चौदा वर्षांत कुणाला दिसलेला नाही. फोटोत शेपटी नाही, चोच धूसर आहे. एवढ्यावर काही म्हणता येत नाही.

सुलक्षणा हिरमुसली. पण नावेवाला सुकदेव ऐकेना. रोज जाळं टाकताना तो ते पक्षी बघायचा.

"ताई, हाऊ येगळा शे," तो म्हणाला. "येनी शेपटी देखा, कशी लांब शे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला एका लग्नाचे फोटो काढायचे होते. तरी उजाडताच ती सुकदेवच्या नावेत बसली. बेटापासून बरंच लांब त्यानं नाव थांबवली. ऊन वर आलं आणि तो पक्षी आला. पाण्यावर एका जागी फडफडला, चोच खाली वळली, कोसळला, मासा घेऊन उठला. सुलक्षणा बटणावरचं बोट काढेना. वळताना त्यानं शेपटी उघडली, तशी ती कात्रीसारखी खोल दुभंगलेली दिसली. चोच झेंडूसारखी पिवळी-नारिंगी. पांढऱ्या गालांच्या सुरयाची चोच गडद लाल असते आणि शेपटी आखूड! एवढ्यात तो वाळूवर उतरला आणि तिथे बसलेल्या दुसऱ्या काळ्या पोटाच्या पक्ष्याला त्यानं तो मासा भरवला.

म्हणजे जोडी होती.

अंतरपाट धरला जात असताना ती मांडवात धापा टाकत पोचली. जेवणाच्या पंगती बसल्यावर तिनं फोटो पाठवले. सरांचा लगेच फोन आला.

"मी चुकलो, बेटा," ते म्हणाले. "उद्या पहिल्या एसटीनं येतो. जागा मात्र कुणाला सांगू नकोस. जोडी आहे म्हणजे वाळूत अंडी असतील; गर्दी झाली तर पक्षी ती सोडून जातील."

सर आले. दुर्बीण डोळ्याला लावून काठावर चांगला तासभर उकिडवे बसून राहिले. सुकदेवनं दिलेला चहा गार झाला. मग त्यांनी पिशवीतून नोंदवही काढली, पक्ष्याचं नाव आणि तारीख लिहिली. खाली आधी सुकदेवचं नाव घातलं, मग सुलक्षणाचं.

"आणि तुमचं?" तिनं विचारलं.

"मी तर नाही म्हटलं होतं," सर हसले, आणि पुन्हा दुर्बीण उचलली.